यादीत नाव येईपर्यंत

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभी असताना पुढच्या बाईंनी मागे वळून मला नोकरी देऊ केली. हातात कागदी ताट, ताटात पुऱ्या आणि श्रीखंडाचा घट्ट गोळा, मागे कुणाचं तरी पोर हॉलभर भुईचक्रासारखं पळतंय, आणि त्या म्हणाल्या, "तू हॉस्पिटलात सोशल वर्कर आहेस ना गं? माझी होम हेल्थ एजन्सी आहे. आपल्याकडचे म्हातारे पेशंट फार वाढलेत, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारं माणूस मिळत नाही मला." त्यांचं बोलणं संपायच्या आत मी म्हणून गेले, "आत्ता नाही जमणार हो, माझे एकशेवीस व्हायचेत." त्यांना अर्थातच काही कळलं नाही. त्यांनी हसून मान हलवली आणि बटाट्याच्या भाजीकडे वळल्या. घरी येताना गाडीत मला ते टोचत राहिलं. पगार किती, गाव कुठलं, कामाच्या वेळा काय, यातलं मी काहीच विचारलं नव्हतं. काम आवडलं असतं की नसतं हा प्रश्नसुद्धा मनात आला नव्हता. एजन्सी खाजगी आहे, नफ्यावर चालते, एवढं कानावर पडलं आणि नकार आपोआप तोंडातून बाहेर पडला.

नवरा गाडी चालवत होता. तो काही बोलला नाही.

एकशेवीस म्हणजे एकशेवीस हप्ते. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्ण वेळ नोकरी करत, उत्पन्नाच्या प्रमाणात ठरलेले एवढे मासिक हप्ते भरले, की अमेरिकन सरकारकडून शिक्षणासाठी घेतलेलं उरलेलं कर्ज माफ. कायदा २००७ चा, जॉर्ज बुश यांच्या सहीचा. माझ्यासारख्या बायकांच्या वाट्याला तो फार उशिरा येतो. मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या व्हिसावर, इथं आले. पुण्यातली नोकरी सोडून आलेल्या आणि इथं कायद्याने नोकरी करू न शकणाऱ्या बायकांचा एक मोठा गट असतो, दुपारी वाचनालयात भेटणारा, त्यात काही वर्षं काढली. ग्रीन कार्ड आलं तेव्हा मी पहिलं काय शोधलं असेल तर शिक्षणाचं कर्ज, कारण सरकारी कर्ज मुख्यतः नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं. २०१३ मध्ये एमएसडब्ल्यूला प्रवेश घेतला. दोन वर्षांत ६२ हजार डॉलर झाले, काही कर्ज साडेपाच टक्क्यांच्या आसपास, काही सात टक्क्यांच्या वर. २०१६ च्या जानेवारीत आमच्या काउंटीच्या हॉस्पिटलात रुजू झाले. कर्जाच्या करारनाम्यातच या माफीचा उल्लेख होता, हे मी पुढे कितीदा तरी स्वतःला वाचून दाखवलं आहे. आपण काही मागायला गेलेलो नाही, अटी त्यांनी घातल्या, आपण त्या पाळतोय.

पाळणं सोपं नाही, हे लवकरच कळलं. कायद्याला दहा वर्षं झाल्यावर पहिली तुकडी माफीच्या दारात पोचली, आणि २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत अर्ज केलेल्या सुमारे २८ हजार लोकांपैकी ९६ जणांना माफी मिळाली. शंभरसुद्धा नाहीत. कुणाचं कर्ज चुकीच्या प्रकारचं निघालं, कुणाची परतफेडीची योजना चुकीची, कुणाच्या अर्जावर मालकाची सही नव्हती. तो आकडा कळला त्या दिवशी आमच्या ऑफिसात सगळे आपापल्या स्क्रीनसमोर गप्प बसून होते. तेव्हापासून मी वर्षाला एकदा नोकरीचा दाखला एचआरकडून सही करून घेते. तिथली बाई आता मला बघितलं की पेनच काढते.

मग मार्च २०२० आला. हप्ते थांबले, व्याज शून्य झालं, आणि तरीही महिने मोजले जात होते. माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट महिने होते ते. चेहऱ्यावर मास्कचे वळ उमटलेले, हातमोज्यात टॅब धरून मी खाटांपाशी उभी राहायचे, पलीकडे स्क्रीनवर कुणाची मुलगी, कुणाचा नातू, आणि अलीकडे शुद्धीत नसलेलं माणूस. टॅब हलू नये म्हणून मी कोपर पोटाशी दाबून धरायचे. घरी आल्यावर गराजमध्ये कपडे बदलायचे. आणि महिन्याच्या शेवटी वेबसाइटवर आकडा एकाने वाढलेला असायचा, भरलेली रक्कम शून्य डॉलर. त्या आकड्याकडे बघून बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटायची. ज्या महिन्यात आमच्या मजल्यावर इतकी माणसं गेली, तो महिना माझ्या खात्यावर 'पात्र' म्हणून जमा होत होता.

त्यानंतरचं सगळं मला आठवतं ते तारखांनी. २४ ऑगस्ट २०२२ ला बायडन यांनी ठरावीक उत्पन्नाच्या आतल्यांना १० हजार, आणि गरीब घरातून शिकलेल्यांना २० हजार डॉलर माफ करायची घोषणा केली. ३० जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती रद्द केली. त्याच उन्हाळ्यात 'सेव्ह' नावाची परतफेडीची नवी योजना आली, हप्ता कमी, नवऱ्याचं उत्पन्न वेगळं धरायची सोय, आणि सरकारचीच वेबसाइट तिकडे बोट दाखवत होती. आम्ही गेलो. १८ जुलै २०२४ ला अपील न्यायालयाने ती योजनाच थांबवली. जवळजवळ ८० लाख कर्जदारांना 'फोरबेअरन्स'मध्ये टाकलं गेलं, म्हणजे हप्ता भरायचा नाही आणि भरायचा म्हटलं तरी तो मोजला जाणार नाही. माझा आकडा शंभरी ओलांडून थोडा पुढे गेला होता, तो तिथंच थांबला. मी रोज कामाला जात होते, पगार घेत होते, कर भरत होते. माझा महिना मात्र भरत नव्हता.

दुसऱ्या योजनेत जायचा अर्ज करावा म्हटलं, तर २०२५ च्या फेब्रुवारीत तो अर्जच वेबसाइटवरून काढून टाकलेला. काही आठवड्यांनी परत आला. तोवर शिक्षण खात्यातली निम्मी माणसं कमी करायची घोषणा झाली होती, आणि कोर्टात दाखल झालेल्या कागदांवरून कळलं की असे जवळजवळ २० लाख अर्ज पडून आहेत. त्यात माझा एक. कर्जाचा हिशेब ठेवणाऱ्या कंपनीला फोन लावला की तीच पियानोची धून, मध्येच तुटणारी. मी फोन स्पीकरवर ठेवून पोळ्या करायचे. पोळ्या होऊन जायच्या, डब्यात जायच्या, कट्टा पुसून व्हायचा. पलीकडून कधी एखादा तरुण मुलगा बोलायचा, फार गोड, आणि आदल्या आठवड्यातल्या मुलीने सांगितलं होतं त्याच्या बरोब्बर उलटं सांगायचा. त्याला तरी काय माहीत असणार. महिन्यांनी उत्तर आलं ते एका ओळीचं, उत्पन्नाची कागदपत्रं अपुरी आहेत, नव्याने अर्ज करा. दरम्यान १ ऑगस्टपासून थांबलेलं व्याज पुन्हा चालू झालं होतं. आज माझं देणं घेतलेल्या कर्जापेक्षा थोडं जास्तच आहे.

मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आकड्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवते. सगळेच काढतात. ऑफिसात एकीने तर छापून फाइल केली आहे, कारण मध्यंतरी काही दिवस तो आकडा वेबसाइटवर दिसतच नव्हता.

ही कागद जपायची सवय माझी नाही, अण्णांची आहे. अण्णा बार्शीच्या अलीकडच्या आमच्या गावात विकास सोसायटीचे गटसचिव होते. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसायची. एक खोली, लोखंडी कपाट, कोपऱ्यात युरियाच्या पोत्यांची थप्पी आणि तिचा डोळ्यांत जाणारा वास, टेबलावर निळ्या शाईचा पॅड, त्याला अंगठ्यांनी पडलेला खड्डा. मार्च आला की अण्णा घरी जेवायला नसायचे. ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरलं तर व्याजाची सवलत, नाही भरलं तर माणूस थकबाकीत, आणि थकबाकीत गेलं की पुढच्या हंगामाचं कर्ज बंद. लोक कुठून कुठून पैसे गोळा करून शेवटच्या दिवशी यायचे. रुमालात बांधलेल्या नोटा अण्णा मोजायचे आणि पावती फाडताना म्हणायचे, "जपून ठेव रं. वही चुकंल, पावती न्हाई चुकायची."

२०१७ च्या श्रावणात मी गावी होते. कर्जमाफी जाहीर झाली होती, दीड लाखांपर्यंत, आणि अर्ज ऑनलाइन भरायचे होते. अण्णा निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण लोक अर्जासाठी त्यांच्याकडेच येत. ओट्यावर सकाळी सहापासून माणसं. कुटुंब हा एक घटक धरला होता, त्यामुळे नवरा-बायको दोघांची माहिती, दोघांचे आधार, दोघांचे ठसे. गावातल्या सेवा केंद्रात लाइट असली तर नेट नसायचं. आणि म्हाताऱ्यांच्या बोटांचे ठसेच उमटत नव्हते. खुरपं धरून धरून रेषा झिजून गेलेल्या. केंद्रातला पोरगा ओल्या फडक्याने त्यांची बोटं पुसायचा, परत दाबायला लावायचा, यंत्र परत लाल दिवा दाखवायचं. एक आजोबा बायकोला सायकलवर मागे बसवून घेऊन आले होते. ती बाई आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या कर्जाच्या कागदावर येत होती, आणि तिला त्याची भलतीच गंमत वाटत होती. "म्हंजी आता मी बी हाय का यात?" असं ती सारखं विचारत होती.

अडीच वर्षांनी दुसरी कर्जमाफी आली, मर्यादा दोन लाखांची. २०२० च्या फेब्रुवारीपासून याद्या लागायला लागल्या, ग्रामपंचायतीत, सोसायटीच्या भिंतीवर. मी इकडे होते, अण्णा फोनवर सांगायचे. व्याजासकट दोन लाखांच्या आतला यादीत, आणि ज्याचं कर्ज त्या रेषेच्या काही हजारांनी वर गेलेलं तो बाहेर. आमच्या शेजारचे तात्या दरवर्षी ३१ मार्चला भरणारे. एका वर्षी दावणीची गाय विकून भरले होते, मला ती गाय आठवते. ते दोन्ही वेळा यादीत नव्हते, कारण ते थकबाकीदारच नव्हते. नियमित भरणाऱ्यांना जाहीर झालेलं ५० हजारांचं प्रोत्साहन प्रत्यक्ष मिळायला लागलं २०२२ मध्ये. तात्या तोवर राहिले नव्हते.

मी कधीतरी अण्णांना विचारलं होतं, माफीनं माणसं बिघडतात असं शहरातले लोक म्हणतात, ते खरं का? ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "बिघडत्यात का काय ते तुमचं तुम्ही ठरवा. मी एवढं बगितलं, कर्ज असलं की माणूस रानात राबतंय. माफीची बातमी आली की कट्ट्यावर येऊन बसतंय." त्यांच्या बोलण्यात तिरस्कार नव्हता. कट्ट्यावर बसणाऱ्यांना चहा पाजणारे तेच होते. आणि ती बातमी देणारे कोण, कधी देतात, निवडणुकीच्या किती आधी, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

आमच्या घरात मात्र बातम्यांवर बोलणं जरा जपूनच होतं. नवऱ्याने एमएससाठी बँकेचं कर्ज काढलं तेव्हा सासऱ्यांनी नाशिकचं राहतं घर तारण ठेवलं होतं. इथं नोकरी लागल्यावर तो तीन मुलांबरोबर एका खोलीत राहिला, जेवायला भात आणि अंडी, आणि दोन वर्षांत कर्ज फेडून घराचे कागद सोडवले. त्याला कुणी माफी दिली नाही, त्याने मागितली नाही, आणि हे तो कधी बोलूनही दाखवत नाही. न बोलण्याचाच त्रास होतो. आमच्याकडे पैसे आहेत. थोडं घट्ट धरलं तर तीन वर्षांत माझं कर्ज फिटेल. मग आपण का थांबलोय, हा प्रश्न दरवर्षी फेब्रुवारीत जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या करांच्या कागदांमध्ये असतो. हप्ता माझ्या एकटीच्या पगारावर ठरावा म्हणून आम्ही कर वेगवेगळा भरतो. त्यात पाळणाघराच्या खर्चाची सवलत गेली, कर्जाच्या व्याजाची वजावट गेली. गावाकडे माफीसाठी नवरा-बायकोला एका कागदावर यावं लागलं होतं, इथं आम्ही माफीसाठी कागदावर वेगळे झालो. मुलगा कुणाच्या अर्जावर लावायचा हे ठरवताना आम्ही दोघं पहिल्या वर्षी हसलो होतो.

खरं सांगायचं तर मला माफीची लाज वाटते आणि ती नाकारल्याचा रागही येतो, दोन्ही एकदम. इथं जन्मलेल्या सहकाऱ्यांना अशी लाज वाटताना मी पाहिली नाही. त्यांचा सूर सरळ असतो: दहा वर्षं कमी पगारावर काम केलं, करार होता, आता पाळा. मला तो सूर पटतो, पण माझ्या तोंडात बसत नाही. माझ्या कानात कुठंतरी थकबाकीदारांची यादी मोठ्याने वाचली जात असते.

२०२५ ची दिवाळी संपता संपता, एकाच आठवड्यात, दोन बातम्या आल्या. नागपूरला बच्चू कडूंबरोबर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन महामार्गावर बसले होते. निवडणुकीत कबूल केलेली कर्जमाफी कुठे आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. ३० ऑक्टोबरला मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, समिती नेमली आहे, ३० जून २०२६ पर्यंत निर्णय करू. आणि ३१ ऑक्टोबरला इथल्या राजपत्रात आमच्या माफीचा नवा नियम छापून आला: ज्या संस्थेचा ठळक हेतू 'बेकायदेशीर' आहे असं शिक्षणमंत्री ठरवतील, तिथल्या नोकरीचे पुढचे महिने धरले जाणार नाहीत, अंमल १ जुलै २०२६ पासून. बेकायदेशीर कामांच्या यादीत पहिल्यांदा डोळ्यांत भरतं ते स्थलांतराच्या कायद्याचा भंग करायला मदत करणं. काही शहरं आणि राज्यं लगेच कोर्टात गेली. आमच्याकडे मात्र दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत एक जण अगदी सहज विचारून गेला, "आपण कागद नसलेल्या पेशंटला डायलिसिस मिळवून देतो, ते कशात बसतं?" कुणीच उत्तर दिलं नाही. बैठक पुढे चालू राहिली, खाटा किती रिकाम्या, घरी कुणाला सोडायचं. पण त्या दिवशी एका माणसाची फाइल लिहिताना मी एका शब्दापाशी अडखळले. हॉटेलात भांडी घासणारा माणूस, मूत्रपिंड निकामी, भाऊ टेक्सासमध्ये. मी आजवर त्याच्यासारख्यांबद्दल जे लिहीत आले तेच लिहिलं. आधी खोडलं होतं, मग परत लिहिलं.

संध्याकाळी अण्णांचा फोन. त्यांच्याकडे सकाळ, मागे कुकरची शिट्टी. "लोक इचारत्यात, यंदा भरावं का न्हाई. गेल्या मार्चात अर्थमंत्री म्हणाले भरा, म्हणून कायकांनी भरलं. आता म्हणत्यात जूनमंदी बगू. भरलं तर यादीतनं बाहेर, न्हाई भरलं आन् माफी बी न्हाई झाली, तर थकबाकी. तुज्याकडं काय म्हणत्यात गं?" मी म्हटलं, अण्णा, आमच्याकडेही तेच, फक्त जुलै म्हणतायत. ते मोठ्याने हसले. खोकला येईपर्यंत हसले. आईने मागून विचारलं, काय झालं, तर तिला म्हणाले, "हितं न् तितं, सोसायटी एकच हाय."

अण्णा म्हणाले ते मला सगळंच पटत नाही. तिथं जून नाही पावला तर पेरणी अडते, इथं माझा हप्ता अडतो. माझ्या दावणीला गाय नाही. पण रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे पडणारी माणसं मला आता दोन्हीकडची एकसारखी दिसायला लागली आहेत. आमच्याच मजल्यावर एक श्वसनोपचार करणारी बाई आहे, माझ्याइतकीच जुनी. तेच पेशंट, तीच रात्रपाळी, तोच निळा गणवेश. पण तिचा पगार हॉस्पिटल देत नाही, एक कंत्राटदार कंपनी देते, आणि त्या कंपनीचा करक्रमांक खाजगी. माफीसाठी बघतात तो करक्रमांक. तिचा एकही महिना धरला गेलेला नाही. तिने मला हे लिफ्टमध्ये सांगितलं, चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत, आणि दार उघडल्यावर "चल, उद्या भेटू" म्हणून निघून गेली. दुसरी आमच्याकडे शिकाऊ म्हणून आलेली मुलगी. तिला पुढे एमएसडब्ल्यू करायचंय. २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने मी घेतलं तसलं जास्तीचं कर्ज २०२६ च्या जुलैपासून नव्या विद्यार्थ्यांना बंद होतंय. डॉक्टर-वकिलांसारख्या 'व्यावसायिक' पदव्यांना वर्षाला ५० हजारांपर्यंत, बाकीच्यांना साडेवीस हजार. व्यावसायिकांच्या प्रस्तावित यादीत धर्मशास्त्र आहे, नर्सिंग नाही, सोशल वर्कही नाही. पाद्रीबोवा आत आणि नर्स बाहेर, हे कुठल्या तर्काने, ते यादी करणाऱ्यांनाच ठाऊक. ती मुलगी मला विचारत होती, तुम्ही कसं केलं? मी तिला काय सांगणार? मी ज्या दारातून आले ते दार बंद होतंय, आणि मी अजून आतल्या खोलीत पोचलेली नाही.

त्या एजन्सीवाल्या बाईंना मी इतक्या पटकन नाही का म्हटलं, याचं उत्तर मी बरेच दिवस शोधत होते. पैशाचं गणित सरळ होतं, ते मला चुकीचं वाटत नाही. खुपतं ते वेगळंच. हॉस्पिटलात मी दहा वर्षं का राहिले, हे आता मला नक्की सांगता येत नाही. पहिल्या वर्षी आलं असतं. डिस्चार्जच्या दिवशी एखाद्या म्हातारीला घरी पाठवताना तिच्या घरी जिने किती, स्वयंपाक कोण करणार, औषधं कोण आणणार हे सगळं जुळवून आणलं, की त्या दुपारी मी जिन्याने पळत खाली जायचे. ते अजूनही होतं, कमी वेळा होतं. पण मध्ये दोनदा मला इथून जावंसं वाटलं होतं, एकदा साहेबीण फार वाईट होती म्हणून, एकदा आई आजारी होती आणि मला चार महिने घरी राहायचं होतं म्हणून. दोन्ही वेळा मी आकडा बघितला आणि थांबले. मग जे उरलं त्याला निष्ठा म्हणायचं की हिशेब? एचआरच्या बाईंनी दहा वर्षांचं प्रशस्तिपत्रक दिलं तेव्हा त्यावर 'समर्पित सेवा' असं छापलेलं होतं. मी ते घरी आणून कर्जाच्याच फाइलमध्ये ठेवलं, दुसरी जागा सुचली नाही.

डिसेंबरात सरकारने मिसूरी राज्याशी तडजोड करून 'सेव्ह' योजना कायमची संपवायचा प्रस्ताव जाहीर केला. म्हणजे आता उठून दुसरीकडे जायलाच हवं. आणि या जानेवारीत माझ्या नोकरीला दहा वर्षं झाली, त्यामुळे मला 'बायबॅक'चा अर्ज करता येतो. कोर्टाच्या भांडणात वाया गेलेले महिने, त्या त्या महिन्याचा हप्ता आता एकरकमी भरून विकत घ्यायचे. कल्पना मला आवडली, आपलेच गेलेले महिने विकत घ्यायची. रांग मात्र हजारोंची आहे, आणि ती फार हळू सरकते. गेल्या शनिवारी नवऱ्याने तक्ता मांडला. एका रकान्यात बायबॅक, एकात नव्या योजनेत जाऊन उरलेले हप्ते भरणं, एकात सरळ फेडून टाकणं. तिसरा रकाना त्याने स्वतःहून पुसट राखाडी रंगात ठेवला होता, माझ्यासाठी. करांचं म्हणशील तर यंदाही वेगळेच भरू, तो म्हणाला, वेगळे भरलेले नंतर एकत्र करता येतात, एकत्र भरले की मागे फिरता येत नाही. बाहेर बर्फ उपसणारी गाडी रस्त्यावरून खरडत गेली. मुलगा वरून ओरडला की त्याचा चार्जर सापडत नाही.

मग तो म्हणाला, मुलाच्या शाळेजवळचं ते घर बघायला जायचं का, की तेही थांबवायचं?

"जुलैपर्यंत थांबू," मी म्हटलं.

"कुठल्या?" त्याने विचारलं.